पालथा तांब्या

श्रीपती,

कोनाड्यातला तांब्या अजून पालथाच आहे. आत्ता पुन्हा उठून बघून आले. बघून काय होणार, तो आपोआप सुलटा होत नाही, हे मला कळतं. तरी जाते. मघाशी तुझी वत्सला म्हणाली, "अक्का, बसा हो स्वल्प. फाटक वाजलं तर आतही ऐकू येतं." म्हणून बसले. बसल्यावर हातांचं काय करायचं ते सुचेना, तेव्हा हे लिहायला घेतलं. कुणाला दाखवायचं नाही. तुझ्याशी बोलायची सवय आहे, आणि ती एकाएकी कुठे नेऊन टाकायची ते मला समजत नाही.

तू गेल्याचा निरोप मी जुन्याच रीतीने पाठवला आहे. तुला ते आवडलं नसतं.

आपल्या भावकीची रीत मी जन्मापासून बघत आले, पण ती काय आहे हे मला कळलं ते तू सांगितल्यावर. नवरात्राच्या आधीची गोष्ट. मी भाजी निवडत होते, तू शेजारी येऊन जमिनीवर बसलास आणि परक्या गावच्या माणसाने सांगावं तसं सांगायला लागलास. "बघ अक्का. आपण बसवनगुडीला. आपल्याला पुढचं घर एकच ठाऊक, चामराजपेटच्या नरसूबाईचं. नरसूबाईला बळेपेटेतलं ठाऊक. बळेपेटेला मल्लेश्वरमचं. असं करत करत शेवटी येलहंक्याची आत्या. सगळी घरं कुठे आहेत हे भावकीतल्या एकाही माणसाला ठाऊक नाही. तरी तीनशे वर्षं निरोप जातोय."

मी म्हटलं, "मग त्यात नवल काय?"

"नवल हेच की अमेरिकेत कुणीतरी यंत्रासाठी अशीच एक भाषा केलीय. आपल्या नरसूबाईला न विचारता."

ती भाषा तुझ्या मित्राने धाडलेल्या पुस्तकात होती. तिच्यात सगळं यादीतच मांडायचं असतं, असं तू म्हणालास. तुझ्या संस्थेत आकडेमोडीचं मोठं यंत्र होतं, पण त्याला ती भाषा येत नव्हती. मग तू ती घरी कागदावर चालवायचास आणि अडलं की डोकं धरून बसायचास. वत्सला हसायची. "यंत्र नाहीच, आणि हे बिघाड दुरुस्त करत बसलेत." तू म्हणायचास, "यंत्र आलं की बिघाड नको ना उरायला." ते यंत्र आता येईल की नाही मला माहीत नाही. आलं तरी मला कोण सांगणार?

काडेपेट्या मात्र मी अजून टाकलेल्या नाहीत. रिकाम्या काडेपेट्या तू ओळीने मांडल्यास आणि प्रत्येकीतून दोरा काढून पुढच्या पेटीला बांधलास. पेटीत दोनच गोष्टी, एक तिची वस्तू आणि दुसरा पुढचीकडे जाणारा दोरा. मधल्या पेटीला थेट हात घालता येत नाही, पहिलीपासूनच जावं लागतं. आणि या भाषेत हुकूम नसतात, फक्त प्रश्न आणि उत्तरं असतात, हे तू मला बजावून सांगितलंस. एकदा ठेवलेल्या पेटीत खुडबूड करायची नाही. नवीन काही हवं तर नवी पेटी करायची.

मग विचारलंस, "सांग, पेट्या किती ते कसं कळेल?"

मी म्हटलं, "मोजून."

"तू नाही मोजायचं. पहिल्या पेटीला विचारायचं. ती म्हणणार, थांबा, मी पुढचीला विचारते, ती जे सांगेल त्यात एक मिळवून सांगते. पुढचीही तेच म्हणणार. शेवटी दोरा संपला की उत्तर येतं शून्य, आणि तिथून परत फिरताना प्रत्येक पेटी एकेक मिळवत येते."

"मग आलं की उत्तर."

"आलं. पण तोवर सगळ्या पेट्या ताटकळत उभ्या. आणि ताटकळणाऱ्या प्रत्येकीला यंत्राच्या आत जागा द्यावी लागते. यादी लांबली की जागा संपते, यंत्र गुदमरतं." मग तू दुसऱ्या हाताने पहिली पेटी उचललीस. "त्यापेक्षा उत्तर हातात घेऊनच पुढे जायचं. इथे एक. इथे दोन. प्रत्येक पेटीने आपलं मिळवायचं, पुढे द्यायचं आणि मोकळं व्हायचं. शेवटच्या पेटीपाशी उत्तर तयारच असतं. ती ते सरळ विचारणाऱ्याला देते. मागे फिरायचं नाही, मागे कुणाला थांबवायचं नाही."

भाजी तशीच राहिली होती. श्रीपती, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. माझी शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन गेले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत परत आले. त्यानंतर या घरात माझ्याशी लोक बोलायचे ते मीठ, दूध, धोबी एवढंच. अण्णाही, म्हणजे आपले वडीलही, तसंच. तू मला तुझ्या ऑफिसातली अडचण सांगायचास आणि मी काय म्हणते ते ऐकायला थांबायचास. मी बहुतेक वेळा काहीच म्हणायची नाही. तरी थांबायचास. ते मला फार आवडायचं.

पण त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, "आणि मागच्यांना कोण सांगणार?"

"काय सांगणार?"

"की पोचलं म्हणून."

कारण आपल्या रीतीत ते आहे. निरोप पुढच्या घरी दिला की देणाऱ्या घराने दाराजवळच्या कोनाड्यात तांब्या पालथा घालायचा. शेवटच्या घरी निरोप गेला की तिथून 'पोचलं' असा शब्द परत फिरतो, एकेक घर मागे, आणि ज्याच्या त्याच्या दारी तांब्या सुलटा होतो. सगळ्यांत शेवटी आपला. लहानपणी अण्णा मला म्हणायचे, तांब्यावर लक्ष ठेव. घरातलं माझं तेच एक बाहेरचं काम होतं, आणि तेही आत बसून करायचं.

तू हसून म्हणालास, "तेच तर. सगळी घरं आपापल्या दाराशी जीव टांगून बसतात. कशासाठी?"

नवरात्रातल्या कुळधर्माला तू ते करूनच दाखवलंस. माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी माझ्याकडूनच शिवून घेतलीस. जेवायला जितकी माणसं येणार तितके चिंचोके त्या-त्या घराने टाकायचे आणि पिशवी पुढे द्यायची. तांब्या पालथा घालायचा नाही, परत काही कळवायचं नाही. येलहंक्याहून आत्याचा मुलगा पिशवी घेऊन बसने सरळ आपल्याकडे येईल. एरवी 'पोचलं' यायला दोन दोन दिवस लागायचे. पिशवी त्याच संध्याकाळी आली. तू ती माझ्यापुढे धरून उभा राहिलास, परीक्षेत पहिला आल्यावर उभा राहायचास तसा.

आणि पंगतीला एक पान जास्त झालं.

तू किती अस्वस्थ झालास. लोक जेवायला बसले होते, तू भिंतीशी उभा राहून पुटपुटत मोजत होतास. बळेपेटेने चुकवलं असेल, नाहीतर मल्लेश्वरमच्या पोरांनी चिंचोका खेळायला म्हणून टाकला असेल. शेवटी मलाच राहवेना. हळूच म्हटलं, "एक माझा होता."

"तुझा कसा? तू पंगतीत नाहीस."

"पिशवी रिकामी कशी देणार? घरातून रिकामं काही कुणाच्या हाती देतात का?"

"अक्का, शून्यापासून सुरुवात करायची असते. सगळं त्यावरच आहे."

"भांडं रिकामं देत नाहीत."

"ती पिशवी आहे."

"पिशवीही देत नाहीत."

वत्सला वाढता वाढता म्हणाली, "आता त्या पानावर तुम्हीच बसा. सकाळपासून उभे आहात, आणि यजमानाला मोजणीत कुणी धरलंच नव्हतं." तू बसलास. रागावूनच बसलास, पण दोनदा भात घेतलास.

पुढे नरसूबाई भेटली तेव्हा कळलं, तिचा तांब्या पालथाच होता. कुळधर्म होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी तिचा तांब्या पालथा. तू म्हणालास, "मी सांगितलं होतं, घालू नका म्हणून." ती म्हणाली, "सांगितलं होतंस रे बाबा. पण घातल्याशिवाय चैन पडत नाही, आणि एकदा घातला की कुणी सांगितल्याशिवाय सुलटा करवत नाही." घरी येताना मी तुला म्हटलं, माणसं म्हणजे काडेपेट्या आहेत का? आणि तू म्हणालास, "अक्का, मी त्यांना मोकळं करत होतो. तुला ते सोडून देणं वाटतं." ते भांडण तिथेच राहिलं. मी उत्तर शोधत होते. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. आपल्याला घाई नाही असं मला वाटत होतं.

दुसरं भांडण पत्त्यांचं. मी म्हणायची, सगळ्या घरांचे पत्ते एकदा एका जागी लिहून ठेव. मधलं एक घर कुठे गेलं तर पुढचं सगळं तुटेल. आत्याच्या मुलाने तर वर्षात दोनदा घर बदललं. आत्या आता येलहंक्यात नक्की कुठे राहते हे तिच्या अलीकडच्या घराखेरीज कुणाला ठाऊक नाही. तू म्हणायचास, "पुढचं घर पुढच्यालाच विचारायचं. एका जागी लिहिलं की लिहिलेलं जुनं होतं, आणि जुनं झालंय हे कुणाला कळत नाही." बरोबर असेल. पण गेले इतके दिवस मी त्याचंच भय घेऊन बसले आहे.

तू गेलास, आणि निरोप न्यायला घरातून कोण जाणार हा प्रश्न आला. आजवर अण्णा जायचे, मग तू. वत्सलाला घराबाहेर पडता येणार नाही. मी उरले. चामराजपेट काही लांब नाही, तरी मी तिथे कधी एकटी गेले नव्हते. वाटेत सारखं वाटत होतं की माझं तोंड उघडणारच नाही. सुतकातल्याने पुढच्या घरी आत जायचं नाही, फाटकातून सांगायचं, तेवढं एक बरं होतं.

नरसूबाई अंगणात चिंच फोडत बसली होती. "कोण? श्रीपतीची अक्का का? एकटीच? आत ये की."

"नाही, बाहेरूनच," एवढं मी म्हटलं. पुढचं येईना. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हातातला बत्ता खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

मग तीच म्हणाली, "पिशवी दे."

"पिशवी आणली नाही."

"तेराव्याला माणसं किती येणार ते कसं कळणार तुला?"

"परत येताना सांगतील. नरसूबाई, मला 'पोचलं' हवंय. आत्यापर्यंत गेलं की नाही ते मला कळलं पाहिजे. तिला कुणीतरी समोर बसून सांगितलं पाहिजे. बाजारात, बसमध्ये कुणाच्या तोंडून कळायला नको."

"सरी, बरं," ती म्हणाली. "तू जा आता. ऊन चढतंय."

घरी येऊन मी तांब्या पालथा घातला. आत्याची नजर आता गेल्यासारखीच आहे. दर संक्रांतीला तू तिच्याकडे जायचास, ती तुझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, वाळलास. वाळलेला कधीच नव्हतास. ती संक्रांतीला दाराशी बसून राहील आणि तिला कुणी सांगितलेलंच नसेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. सुतकात देवळात जाता येत नाही, नाहीतर बनशंकरीला लिंबाचे दिवे लावून आले असते. ते जमत नाही म्हणून मनातच घरं मोजते. निरोप चामराजपेटला आहे, बळेपेटेत असेल, मल्लेश्वरमला पोचला असेल. पुढची घरं मला माहीत नाहीत, तिथे मोजणं थांबतं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, अक्का, दर खेपेला पहिल्यापासून कशाला?

आणि दुसरी काळजी अशी की ही सगळी घरं माझ्यासाठी ताटकळत आहेत. माझ्या एका शब्दाने एवढ्या दारांशी तांबे पालथे पडले. तुला हेच नको होतं. तुझ्याच निरोपाला मी ते केलं. वत्सलाला म्हटलं, मी चुकले का गं? ती तुझी पुस्तकं पुसत होती. म्हणाली, "त्यांनी वाद घातला असता. पण तुम्हाला थांबवलं नसतं." फाटक वाजलं असं वाटतंय. बघून येते.

*

कालचं लिहिणं अर्धंच राहिलं होतं. आज पुरं करते.

फाटक खरंच वाजलं होतं. मला वाटलं नरसूबाई असेल. दारात आत्या होती. मागे तिची सून, हातात पिशव्या, घामाघूम. आत्या नेहमीसारखी भिंत चाचपत आली. दाराच्या चौकटीवर हात गेला, मग कोनाड्यात. तिच्या बोटांना तांब्या लागला. मग तिने तो उचलून सुलटा ठेवला.

"पोचलं," ती म्हणाली.

मी तिथेच खाली बसले. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. वाळलीस म्हणाली नाही. मग विचारलं, "जेवला होता का रे तो?" कुणाला विचारलं कुणास ठाऊक. वत्सला म्हणाली, "हो आत्या, जेवले होते."

मग सुनेने सांगितलं. मल्लेश्वरमच्या घराला कुलूप होतं, माणसं गावाला गेलेली. माझं भय खरंच होतं तर. बळेपेटेचा माणूस हात हलवत परत फिरला असता, पण त्याच्याजवळ पिशवी होती. ती त्याने कडीला अडकवली. ती माणसं परतली, पिशवी बघून भावकीचं काहीतरी आहे हे ओळखलं, आणि उलट बळेपेटेत जाऊन विचारून आली. नुसता शब्द कुलपापाशी थांबून राहिला नसता.

मी म्हटलं, "पण मी पिशवी पाठवलीच नव्हती."

"नरसूबाईने शिवली," सून म्हणाली. "निरोपाबरोबर असंही सांगून धाडलं की अक्काला 'पोचलं'ची वाट बघत ठेवू नका, शेवटच्या घराने सरळ जायचं. बस कुठली धरायची यावर आमच्याकडे भांडण झालं, म्हणून उशीर."

आत्या म्हणाली, "मुलाला पाठवत होते. मग म्हटलं, शेवटचं घर मी आहे. मीच जाते."

बघ, तुझी रीत त्यांनी आपण होऊन उचलली. मी जुनी मागितली आणि त्यांनी मला तुझी दिली. तू असतास तर पिशवी माझ्यापुढे धरून उभा राहिला असतास.

संध्याकाळी वत्सलाने आणि मी चिंचोके ताटात ओतले. पिशवीबरोबर तोंडी आलेली प्रत्येक घरची माणसं सुनेला विचारून विचारून धरली आणि चिंचोके मोजले. एक जास्त आला. पुन्हा मोजले, तरी एक जास्त. मग माझ्या लक्षात आलं. नरसूबाईनेही पिशवी रिकामी पुढे दिली नव्हती.

वत्सला तो एक बाजूला काढायला गेली. म्हणाली, "हा वजा करायचा ना? ते म्हणायचे, शून्यापासून."

"राहू दे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत ताटात टाकला. तेराव्याला तुझं पान वेगळं मांडावं लागतंच. ते या वेळी मोजणीतच आलं आहे.

आत्या आत निजली आहे. तिच्या घोरण्याने घर भरल्यासारखं वाटतं. तांब्या सुलटा आहे, तरी मी मघाशी एकदा जाऊन बघून आले.

उद्या सकाळी मी पुन्हा चामराजपेटला जाणार आहे. नरसूबाई काही म्हणाली असली तरी तिच्या कोनाड्यात तांब्या पालथा असणार, मला खात्री आहे. तिला 'पोचलं' सांगेन आणि बळेपेटेतलं घर कुठे ते विचारेन. ते मी कधी पाहिलेलं नाही. तिथे सांगून झालं की त्यांना मल्लेश्वरम विचारेन. विचारायला तोंड उघडेल की नाही याची धाकधूक आहेच. तू म्हणशील, उत्तर हातात आल्यावर ही दुसरी फेरी कशाला, अक्का, यात कुणाचं काय अडलंय? म्हण. ते भांडण आपलं राहिलेलंच आहे. मी जाते आहे.